बोनट नंतर उघडा: लष्करातून निघालेली गाडी कोकणासाठी घेताना

लष्करातून निघालेली जिप्सी किंवा जीप बघायला गेलेलं गिऱ्हाईक आधी बोनट उघडतं. इंजिन चालू करून कान लावतं, धूर बघतं, एक चक्कर मारतं, आणि मन बहुतेक तिथेच ठरतं. देशावर हे चालून जातं. दापोली, गुहागर, देवगड, वेंगुर्ल्यात राहणाऱ्याने मात्र क्रम उलटा धरावा. कागद घरबसल्या तपासावेत, जागेवर गेल्यावर आधी चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा बघावा, मग पत्रा, आणि इंजिन सगळ्यांत शेवटी. इंजिन उतरवून बांधता येतं; दुसरं बसवून आरटीओत नोंद करून घेता येते. गिअरबॉक्स, हाऊसिंग, एक्सल भंगारबाजारात मिळतात. चेसी सडली की तिला पर्याय नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने गाडीची ओळखच चेसीवर कोरलेल्या नंबरात असते.

अमेरिका-युरोपात जिथे बर्फ पडतो, तिथे रस्ते मोकळे ठेवायला मीठ टाकतात. ते चाकांनी उडून चेसीला चिकटतं आणि गाड्या खालून सडतात. म्हणून तिकडचे जाणकार जुना लष्करी ट्रक घेताना कोरड्या मुलखातला शोधतात. आपणही तेच करायचं, पण एक फरक लक्षात ठेवून. त्यांचं मीठ खालून आणि हिवाळ्यापुरतं येतं. आपलं वाऱ्यावर, बारा महिने, सगळीकडून येतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या रात्रीही आर्द्रता एवढी सहज असते. म्हणजे पाऊस नाही, दव नाही, तरी पत्र्यावर खारट ओल आहेच. बाहेरचा पत्रा निदान पावसाने धुऊन निघतो. दाराच्या पोटात, काचेच्या फ्रेमखाली, चेसीच्या आत साचलेलं मीठ तसंच राहतं. म्हणून किनाऱ्यावरची गाडी वरून चकचकीत आणि आतून पोखरलेली निघते.

समुद्रापासून आत गेलं की मिठाचं प्रमाण पहिल्या काही शे मीटरांतच झपाट्याने उतरतं. त्यामुळे गुहागरच्या समुद्राकडच्या आवाठातली गाडी आणि चिपळूणची गाडी यांना एकाच मापाने मोजू नका. चिपळूण आणि महाडच्या गाड्यांना वेगळा प्रश्न विचारायचा असतो: जुलै २०२१ च्या पुरात ही कुठे होती? सीटच्या रुळांत, हेडलाइटच्या आत किंवा फ्यूजबॉक्सच्या मागे वाळलेला बारीक गाळ दिसला, तर उत्तर मिळालं.

कुठली गाडी

जिप्सी १९८५ साली आली. नव्वदच्या दशकापासून ती लष्करात मोठ्या संख्येने गेली आणि सामान्य गिऱ्हाइकाला ती नवी मिळणं २०१९ च्या सुमारास बंद झालं. १,२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, हलकं अंग, अरुंद बांधा. पाखाडीच्या तोंडापर्यंत जाते, आंब्याच्या पेट्या भरून बागेतून वर चढते, सुटे भाग अजून मिळतात. महिंद्राच्या जुन्या डिझेल जीपाही तितक्याच कामाच्या आहेत. त्यांना तर तालुक्याच्या गावचा कुठलाही मिस्त्री डोळे झाकून हात घालतो.

जोंगा ही हौसेची गाडी. निसानच्या ‘पॅट्रोल’ या गाडीच्या जुन्या नमुन्यावरून जबलपूरला बनलेली, चार लिटरच्या आसपासचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ते पेट्रोल किती पितं याचा अंदाज आकड्यावरूनच यावा. बरेच मालक त्यात डिझेल इंजिन टाकून बसलेले असतात. तो बदल आरसीवर चढलाय का, हे आधी विचारायचं.

शक्तिमान आणि स्टॅलियन हे ट्रक. शक्तिमान जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्याखाली १९५९ ते १९९६ पर्यंत बनला; स्टॅलियन अशोक लेलँडचा. ज्याची चिऱ्याची खाण आहे किंवा लाकूडतोडीचा धंदा आहे, त्यानेच या वाटेला जावं. एकूण वजन ७,५०० किलोच्या वर गेलं की हलक्या वाहनाचं लायसन्स चालत नाही. त्यात दरवर्षीचं फिटनेस, परमिट, आणि वळायला अर्धं गाव लागतं ते वेगळं.

कुठे शोधायची

तीन वाटा आहेत. पहिली सरकारी लिलावाची. लष्कराचे निकाली काढलेल्या गाड्यांचे लॉट बहुतांशी एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या ई-लिलावात येतात. खरेदीदार म्हणून नोंदणी करायची, अनामत भरायची, ठरलेल्या दिवशी डेपोत जाऊन गाड्या बघायच्या, आणि मग बोली. माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर असतो. बॅटरी नाही, टायर बसलेले, कधी रेडिएटर गायब, आणि तक्रारीला जागा नाही. बोलीच्या रकमेवर कर येतो आणि ठरलेल्या मुदतीत माल उचलावा लागतो. शिवाय एकट्या माणसाला हवी असते एक जिप्सी, आणि लॉटमध्ये त्या असतात डझनाने.

याच वाटेवर आता एक मोठा दगड आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात मोडीत काढायच्या असतात. लष्कराच्या चिलखती आणि खास कारवाईसाठीच्या गाड्यांना त्यातून वगळलंय. त्यामुळे काही लॉट फक्त अशा भंगार केंद्रांनाच घेता येतात. लॉटच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. भंगार म्हणून विकलेल्या गाडीला पुन्हा नंबर मिळत नाही. ‘साहेब, करून देतो पासिंग’ म्हणणारा एजंट तुमच्याकडून पैसे घेईल आणि गाडी अंगणात कोंबड्यांना बसायला राहील.

दुसरी वाट व्यापाऱ्याची. लॉट उचलून, गाड्या दुरुस्त करून, रंगवून विकणारे लोक उत्तरेत पुष्कळ आहेत. हरियाणातली मंडी डबवाली उघड्या जीपांसाठी नावाजलेली आहे. तिथे गाडी छान दिसते, आणि खरी अडचण तीच. पाच गाड्यांचे तुकडे जोडून एक केलेली नाही ना, हे फोटोवरून कळत नाही.

तिसरी वाट मला सगळ्यांत बरी वाटते: पूर्वीच लिलावातून घेतलेली, नागरी नंबर मिळालेली, एखाद्या माणसाने काही वर्षं वापरलेली गाडी. तीही घाटमाथ्याच्या पलीकडची. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर. या पट्ट्यात खडकी, देहूरोड, अहिल्यानगर अशी मोठी लष्करी ठाणी आहेत, त्यामुळे गाड्या आहेत आणि त्या गाड्या उघडून बसवलेले हातही आहेत. ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेला माणूस तुमच्या ओळखीत नसेल असं होणार नाही. कोकणात फौजेत माणूस न गेलेलं घर शोधावं लागतं; महाडजवळच्या एका गावाचं तर नावच फौजी आंबवडे आहे. अशा हवालदारसाहेबांना सोबत न्या. जाण्या-येण्याचा खर्च आणि चांगलं जेवण एवढ्यात जो सल्ला मिळतो, तो पैसे घेणारा तपासनीस देत नाही.

गाडी पूर्वी कुठे होती हे विक्रेत्याला ठाऊक नसतं, किंवा तो सोयीचं सांगतो. राजस्थान, लडाख इथल्या कोरड्या हवेत लोखंड टिकतं. लेहला वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून जेमतेम शंभर मिलिमीटर पडतं. नौदलाच्या तळावरची किंवा आसाम-मेघालयाच्या ओलाव्यात मुरलेली गाडी टाळावी. याचा पुरावा चेसीतच असतो. भोकातून बोट घालून आतली माती काढा. फिकी, पिठासारखी बारीक रेती निघाली तर गाडीने वाळवंट पाहिलंय. काळी चिकण माती देशावरची. जांभ्याची लाल माती निघाली आणि मालक म्हणतोय ‘कायम जोधपूरला होती’, तर चहा पिऊन निघा.

कागद, घरबसल्या

संरक्षण खात्याच्या गाड्यांची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली लष्कर स्वतःच करतं. त्या नंबरात आधी वर तोंड केलेला बाण असतो आणि त्यापुढच्या दोन आकड्यांतून खरेदीचं साल कळतं. गाडी लष्करातून निघाली की हा नंबर संपतो आणि तिला सामान्य गाडीसारखी नोंदणी लागते. त्यासाठी मुख्य कागद म्हणजे फॉर्म २१ मधलं विक्री प्रमाणपत्र. नव्या गाडीला ते डीलर देतो, लिलावातल्या लष्करी गाडीला संरक्षण खात्याचा अधिकारी. त्याची मूळ प्रत हवी. झेरॉक्स आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवरचं ‘विक्रीखत’ दाखवणाऱ्याशी पुढे बोलू नका.

नंबर न मिळालेली गाडी घेत असाल तर बोली लावण्याआधी आपल्या आरटीओत जा. रायगडकरांनी पेणला, रत्नागिरीकरांनी रत्नागिरीला, सिंधुदुर्गकरांनी ओरोसला. गाडीचं साल, मॉडेल, फॉर्म २१ ची प्रत दाखवून नोंदणी होईल का ते विचारा आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या. गाडी दारात आल्यावर हाच प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

नंबर असलेली गाडी असेल तर एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाका. मालकाचा क्रमांक, नोंदणीची मुदत, विमा, बँकेचा बोजा एवढं तिथे दिसतं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. हलक्या चारचाकीची ही फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली, वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,०००; शिवाय आपल्याकडे पर्यावरण कर. परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, आणि इथे आल्यावर आपल्या राज्याचा एकरकमी कर. हे सगळं गाडीच्या किमतीत मिळवा, मग ‘स्वस्त’ हा शब्द वापरा.

आणि रंग. मोटार वाहन नियमांप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. हिरवीगार ‘मिलिटरी जिप्सी’ विकणारा सरळ सांगत नाही की पहिल्या नाक्यावर तुम्हाला बाजूला घेतील. रंग बदलावाच लागणार. त्याचा उपयोग कसा करायचा ते पुढे येईल.

हिरवी असली म्हणजे फौजेतली असंही नाही. साध्या जिप्सीला रंग फासून तिची किंमत वाढवतात. खऱ्या गाडीवर खुणा सापडतात: डॅशबोर्डवरची धातूची पट्टी, जेरीकॅन आणि फावड्याची ब्रॅकेटं, ओढायचा जाड हूक. मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याला पांढरा रंग आणि त्यावर उजेड टाकणारा एक बारका दिवाही दिसतो. रात्री बाकी दिवे बंद करून ताफा चालला की मागच्या चालकाने तेवढं बघत यायचं.

गाडीखाली

विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगा: गाडी धुऊ नका. ओला पत्रा चमकतो आणि सगळं झाकतो. सकाळी दहानंतर, भरपूर उजेडात जा. सोबत गोणपाट, टॉर्च, छोटी हातोडी, टोच्या, वायर ब्रश, फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक आणि मोबाईलला जोडायचा लांब वायरचा कॅमेरा न्या. हा कॅमेरा ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि या कामात इंजिन तपासणाऱ्या मिस्त्रीपेक्षा जास्त पैसे वाचवतो. गाडी नुसत्या जॅकवर असेल तर खाली जाऊ नका. दुरुस्तीचा खड्डा असलेलं गॅरेज मिळालं तर उत्तम.

जिप्सीसारख्या गाडीची चेसी बंद चौकोनी नळीची असते, ट्रकची बहुतेक एका बाजूने उघड्या, इंग्रजी C आकाराच्या पट्टीची (सी-चॅनेल). उघड्या चॅनेलचा गंज समोर दिसतो. बंद नळी आतून सडते आणि बाहेरचा रंग तसाच राहतो. म्हणून जिप्सीच्या चेसीवर हातोडीने हलके टोले मारत मागून पुढे या. धड लोखंड टणटणतं. पातळ झालेलं भद्द वाजतं. आवाज जिथे बदलतो तिथे खडूने खूण करा आणि मग त्या खुणांवर टोच्या जोर देऊन रोवा. विक्रेता कुरकुरला तर कुरकुरू द्या. धड चेसीत टोच्या जात नाही.

सगळ्यांत आधी मागचा आडवा दांडा बघा, पेट्रोल टाकीच्या मागचा. मग मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) ब्रॅकेटं, विशेषतः पाट्याची कडी जिथे चेसीला अडकते ती जागा. मागच्या एक्सलवरून चेसी कमानीसारखी उचलली जाते, त्या वाकाच्या वरच्या अंगावर चाकाने उडवलेला चिखल वर्षानुवर्षं बसलेला असतो आणि तो वाळत नाही. बॉडी जिथे चेसीवर बोल्टने बसते, तिथले रबराचे तुकडे आणि त्याखालच्या थाळ्या बघा. पुढे स्टिअरिंग बॉक्सची बैठक. इथे भेग किंवा नवं वेल्डिंग दिसलं तर तो गाडीचा शेवट आहे असंच धरा. स्टिअरिंग सुटलेली गाडी कुंभार्ली घाटात काय करेल, ते सांगायला नको.

आता कॅमेरा. चेसीला खाली निथळण्याची भोकं असतात. ती मातीने बुजलेली असतील तर आत पाणी उभं राहत होतं, एवढं तरी कळलं. कॅमेरा आत सारा. लालसर भुकटीचा पातळ थर चालतो. वीस-पंचवीस वर्षांच्या लोखंडावर तो असणारच. पापुद्रे सुटलेले दिसले तर चिंता करा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून पापुद्रा जाड दिसतो आणि खाली धातू मात्र कागदासारखा उरलेला असतो. शक्य असेल तर भोकाच्या कडेला व्हर्निअर लावून जाडी मोजा आणि तीच चेसीच्या पुढच्या, कोरड्या भागात मोजा. दोन आकड्यांतला फरक मालकाला दाखवला की भाव आपोआप खाली येतो.

ट्रक घेत असाल तर रिव्हेटने जोडलेल्या दुहेरी पट्ट्या बघा. दोन पट्ट्यांमध्ये गंज फुगला की त्या मधोमध पोट आल्यासारख्या दिसतात आणि रिव्हेट ताणून तुटतात. पाट्यांच्या थरांतही तेच. गंजाच्या खळग्यातूनच पाट्याला चीर जाते.

खालून ताजा काळा रंग मारलेला असेल तर माझं मत सरळ आहे: घेऊ नका. गाडी विकायच्या आठवड्यात कुणी प्रेमाने चेसी रंगवत नाही. डांबरी थर तर त्याहून वाईट. गंजावर डांबर फासलं की ओल आत कोंडते, आणि तुम्ही तपासणार ते डांबर, चेसी नव्हे. तरी सोडून द्यायचं मन होत नसेल तर तीन-चार जागी वायर ब्रशने खरवडून बघायची परवानगी मागा. नाही म्हणाला तर तेच उत्तर.

लष्करातली मूळ गाडी अनेकदा ब्रशने, थरावर थर रंगवलेली असते. ते जाड, ओबडधोबड थर मला चकचकीत स्प्रेपेक्षा आवडतात. ओघळ दिसतात, पण निदान खोटं काही नाही.

पत्रा, आणि मग इंजिन

‘मिलिटरीचा पत्रा जाड असतो’ हे वाक्य प्रत्येक विक्रेता म्हणतो. जिप्सीचा पत्रा जाड नाही. मॅट उचला. चालकाच्या पायाखाली, पुढच्या कोपऱ्यात, सीटच्या बैठकीभोवती टोच्या चालवा. ताडपत्रीच्या हूडमधून पाणी गळतं आणि तिथेच साचतं. काचेच्या फ्रेमची खालची कड, बॅटरीचा ट्रे, मागच्या फाळक्याचे बिजागर, चाकावरच्या कमानीची आतली बाजू बघा. दारांच्या खालच्या कडेवरून चुंबक फिरवा. जिथे तो पकड सोडतो तिथे लांबी (पुट्टी) भरलीय. एखाद-दुसरी जागा चालेल. चारही कोपऱ्यांत लांबी असेल तर तुम्ही गाडी नव्हे, पेंटरची कलाकुसर विकत घेताय. फ्लोअरचा पत्रा मात्र नवा घालता येतो. त्यावरून सौदा मोडू नका, भाव मोडा.

ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर फोड आले असतील तर सगळ्या बदलायच्या, एक-दोन नाही. खर्च आजच धरा. पेट्रोल टाकीचा वरचा भाग हाताने चाचपा. तिथे ओली माती बसून राहते आणि टाकी वरून सडते.

इंजिनाबद्दल थोडक्यात. गाडी पूर्ण थंड असताना चालू करायला सांगा. ऑइल दुधाळ नको, निळा धूर नको. लष्करी गाडीचं मीटर कमी किलोमीटर दाखवतं, पण ती तासन्‌तास जागेवर चालू उभी असते, म्हणून किलोमीटरवर भुलू नका. फोर बाय फोर मातीच्या जागेत टाकून बघा, लो-रेंजही टाका, आवाज ऐका. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत आणि टायर दहा वर्षांचा, असं या गाड्यांत नेहमी सापडतं.

घाट उतरवताना

लिलावातून किंवा लांबून आणलेली गाडी चालवत घाट उतरवू नका. नंबर नसेल तर ती रस्त्यावर आणणंच बेकायदा, आणि नंबर असला तरी ज्या ब्रेकनळ्या बदलायच्या असं तुम्हीच ठरवलंय, त्यांच्या भरवशावर आंबा घाट कशाला? ट्रकवर चढवून आणा.

पहिल्या पावसाआधी

खरेदी दसरा-दिवाळीनंतर करा, म्हणजे मृगापर्यंत हातात सहा-सात महिने राहतात. मे महिन्यात आणलेल्या गाडीचं गंजकाम होत नाही. पेंटरकडे रांग असते आणि हवा ओली झालेली असते. रंगकामाचा साधा नियम आहे: आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग लावू नये, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा. कोकणात डिसेंबर-जानेवारीत सकाळी पत्र्यावर दव असतं. तेव्हा अकरा ते चार ही वेळ रंगाची.

ऑलिव्ह ग्रीन काढायचाच आहे, तर नुसता घासून वर दुसरा मारू नका. बॉडी चेसीवरून उचलायची ऐपत आणि जागा असेल तर हीच वेळ. आधी गोड्या पाण्याने सगळं धुऊन मीठ काढायचं, पूर्ण वाळवायचं, मग पापुद्रे ठोकून, घासून धातू उघडा करायचा. क्रम उलटा केला तर घासताना मीठ धातूत चोळलं जातं. वायर ब्रश पोचत नाही तिथे गंज बसवणारं फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण. उघड्या धातूवर त्याच दिवशी प्रायमर. रात्रभर ठेवलात तर सकाळी तो पिवळा झालेला असेल. गॅरेजवाला रेड ऑक्साइड सुचवील, कारण ते स्वस्त आणि त्याच्या हातातलं. घराच्या गजांना ते ठीक. इथल्या चेसीला दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर मारून घ्या.

बंद नळीच्या आत रंग पोचत नाही. तिथे पोकळीत फवारायचं मेण लागतं. लांब नळीचा नोझल भोकातून आत सारून, मागे ओढत ओढत फवारायचं. दुसऱ्या टोकाच्या भोकातून मेण गळायला लागलं म्हणजे आत पोचलं. त्याआधी भोकं तारेने मोकळी करा आणि फवारल्यावर पुन्हा तपासा. मेणाने भोक बुजलं तर पाण्याला वाट राहत नाही. दारांच्या पोटातही हेच करा.

जळकं काळं ऑइल फासायचा सल्ला गावोगाव मिळतो. फुकट आहे म्हणून मिळतो. त्यात इंजिनातली आम्लं असतात, रबराचे बुश फुगतात, आणि पहिल्या पावसात ते निथळून अंगणातून विहिरीकडे जातं. काजूच्या टरफलाचं तेलही सुचवणारे आहेत. होडीच्या लाकडाला ते उत्तम आहे, पण हाताला लागलं की कातडी सोलून निघते, आणि गाडीखाली उताणं पडून ते लावणाऱ्याच्या तोंडावर काय गळेल याचा विचार करा.

नटबोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले घाला आणि आट्यांना ग्रीस लावा. स्टेनलेसचा बोल्ट चांगला दिसतो, पण खारट ओलीत त्याच्याभोवतीचं साधं लोखंड लवकर जातं.

नंतरची निगा

गाडी मातीवर किंवा गवतावर उभी करू नका. रात्रभर जमिनीतली वाफ चेसीला लागते. चिऱ्यांची किंवा काँक्रीटची जागा करा, वर छप्पर, बाजू मोकळ्या. प्लॅस्टिकने गच्च झाकलेली गाडी उघड्या गाडीपेक्षा लवकर गंजते, कारण आत वारा फिरत नाही. माडाखालची जागा कोण सुचवत असेल तर तो इथला नव्हे.

महिन्यातून एकदा खालून धुवा. पाणी कुठलं, हे महत्त्वाचं. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे पैसे देऊन मीठ लावणं. नळाचं किंवा वरच्या वाडीतलं पाणी वापरा. प्रेशर पंप चेसीच्या भोकांवर धरू नका, माती आत जाऊन बसते. वाळूत गाडी घालून रील काढायची हौस असेल त्याने वर लिहिलेलं काहीच करू नये, पैसे वाचतील. पुळणीत रुतलेल्या गाड्या भरतीच्या आत ओढून काढायला जेसीबी लागतो आणि वर पोलिसांचा दंड.

गणपती गेले आणि पाऊस ओसरला की एकदा पुन्हा गोणपाट घेऊन गाडीखाली जा. बारीक फोड, सुटलेला रंग, तपकिरी ओघळ जिथे दिसेल तिथे तेवढीच जागा घासून प्रायमर लावा. कॅमेरा नळीत घालून मेणाचा थर कुठे उघडा पडलाय ते बघा, आणि तेवढ्या भागात दिवाळीच्या आत पुन्हा फवारा.